बेलारूसची यादी आणि सायप्रसचा नकार : युरोपीय महासंघाच्या सामाईक परराष्ट्र धोरणाचे एक प्रकरण

२१ सप्टेंबर २०२० रोजी युरोपीय महासंघाच्या २७ परराष्ट्रमंत्र्यांची ब्रुसेल्समध्ये बैठक झाली. बेलारूसच्या विरोधी नेत्या स्वेतलाना त्सिखानोव्स्काया त्या दिवशी शहरातच होत्या आणि सकाळी मंत्र्यांशी त्यांचे बोलणेही झाले होते. बेलारूसच्या निवडणुकीत गैरप्रकार झाले, निदर्शकांवर अत्याचार झाले आणि त्याला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांवर प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवण्याची कारवाई झाली पाहिजे, या तिन्ही मुद्द्यांवर एकाही मंत्र्याचे दुमत नव्हते. तरीही संध्याकाळी महासंघाचे परराष्ट्र धोरणविषयक उच्च प्रतिनिधी जोसेप बोरेल यांना पत्रकारांसमोर येऊन सांगावे लागले की, इच्छा सर्वांची असूनही आवश्यक ती सर्वसंमती होऊ शकली नाही. अडवून धरणारा देश होता सायप्रस, आणि त्याची तक्रार बेलारूसविषयी नव्हतीच, ती तुर्कस्तानविषयी होती.

राष्ट्रसमूहाला एकत्रित परराष्ट्र धोरण चालवता येते का, या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा २००३ च्या इराक युद्धावरून होते. त्या वेळी ब्रिटन आणि स्पेन एका बाजूला, तर फ्रान्स आणि जर्मनी दुसऱ्या बाजूला होते. मुळातच मत वेगळे असेल तर धोरण एक होणार नाही, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. बेलारूसचे प्रकरण त्याहून उपयोगी आहे, ते यासाठी की येथे मूळ विषयावर मतभेदच नव्हता. सर्वांचे एकमत असतानाही १४ ऑगस्टला काम सुरू झाल्यापासून निर्णय व्हायला ४९ दिवस लागले, म्हणजे दोष मतांमध्ये नसून अन्यत्र कोठेतरी होता, आणि तो नेमका कोठे होता ते या प्रकरणात बऱ्यापैकी स्वच्छ दिसते.

ऑगस्टमधील घाई

९ ऑगस्ट २०२० रोजी बेलारूसमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. १९९४ पासून सत्तेवर असलेले अलेक्झांडर लुकाशेन्को यांना सुमारे ८० टक्के आणि त्सिखानोव्स्काया यांना सुमारे १० टक्के मते मिळाल्याचे अधिकृतरीत्या जाहीर झाले. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. पहिल्या काही दिवसांतच सहा हजारांहून अधिक लोकांची धरपकड झाली, कोठडीतून सुटून आलेल्यांच्या पाठीवरचे वळ जगाने पाहिले आणि त्सिखानोव्स्काया यांना ११ ऑगस्टला शेजारच्या लिथुआनियात आश्रय घ्यावा लागला. पुढे कित्येक रविवारी राजधानी मिन्स्कच्या रस्त्यांवर पांढरे-लाल-पांढरे झेंडे घेतलेली प्रचंड गर्दी उतरत राहिली.

महासंघाची सुरुवात उत्तम झाली, हे मान्य केले पाहिजे. १४ ऑगस्टला, म्हणजे ऐन सुट्टीच्या महिन्यात, परराष्ट्रमंत्र्यांनी दृक्‌श्राव्य बैठक घेऊन निर्बंधांची यादी तयार करण्याचे काम सुरू केले. १९ ऑगस्टला राष्ट्रप्रमुखांच्या युरोपीय परिषदेची तातडीची बैठक झाली आणि निवडणुकीचा निकाल आम्ही मानत नाही, असे तिने जाहीर केले. २७ आणि २८ ऑगस्टला बर्लिनमध्ये मंत्री अनौपचारिकपणे भेटले, तेव्हा वीसेक नावांवर राजकीय एकमत झाले होते.

निर्बंधांची यादी म्हणजे केवळ नावांची जंत्री नसते. प्रत्येक नावासमोर त्या व्यक्तीने काय केले याचे कारण लिहावे लागते, त्याला पुरावा जोडावा लागतो, आणि तो कच्चा असेल तर ती व्यक्ती लक्झेंबर्गमधील न्यायालयात जाऊन आपले नाव काढून घेऊ शकते. असे पूर्वी अनेकदा घडले आहे. त्यामुळे सदस्य देशांचे कायदेतज्ज्ञ कार्यगटात बसून ओळ न् ओळ तपासतात, मग यादी राजदूतांच्या समितीकडे आणि शेवटी मंत्रिपरिषदेकडे जाते. बेलारूसच्या बाबतीत हे काम त्यातल्या त्यात सोपे होते, कारण कायदेशीर चौकट २०१२ पासून तयार होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये लुकाशेन्को यांच्यासह १७० जणांवरचे निर्बंध महासंघाने उठवले होते, परंतु चौकट शाबूत ठेवली होती. तिच्यात नवी नावे भरायची, एवढेच काम बाकी होते.

पूर्व भूमध्य समुद्रातील दुसरा पेच

त्याच ऑगस्टमध्ये दोन हजार किलोमीटर दूर दुसरे प्रकरण तापत होते. १० ऑगस्टला तुर्कस्तानने आपले ओरुच रेइस हे संशोधन जहाज युद्धनौकांच्या संरक्षणात ग्रीसच्या कास्टेलोरिझो बेटाजवळच्या वादग्रस्त समुद्रात पाठवले आणि १२ ऑगस्टला एका ग्रीक आणि एका तुर्की युद्धनौकेची टक्कर झाली. दोन्ही देश नाटोचे सदस्य आहेत. सायप्रसची व्यथा त्याहून जुनी होती. २०१९ पासून तुर्कस्तानची खनन जहाजे सायप्रसने आपले अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणून घोषित केलेल्या समुद्रात नैसर्गिक वायूसाठी समुद्रतळाला भोके पाडत होती. तुर्कस्तान सायप्रस प्रजासत्ताकाला मान्यताच देत नाही. १९७४ च्या तुर्की आक्रमणापासून बेटाचा उत्तर भाग वेगळा पडला आहे आणि तेथील प्रशासनाला तुर्कस्तान सोडून कोणीही राष्ट्र मानत नाही.

सायप्रस १ मे २००४ रोजी महासंघात आला. सदस्यत्वाचे आर्थिक लाभ होतेच. पण ज्या देशाचा सुमारे एक तृतीयांश भूभाग परकीय सैन्याच्या पहाऱ्याखाली आहे, त्याच्या दृष्टीने खरे आकर्षण सुरक्षेचे होते. नऊ लाखांच्या आसपास वस्तीचा देश आठ कोटींच्या शेजाऱ्यासमोर एकटा उभा राहू शकत नाही. पंचेचाळीस कोटींच्या समूहाचा भाग म्हणून तो उभा राहू शकेल, असा हिशेब सायप्रसची राजधानी निकोसियात मांडला गेला असेल तर त्यात गैर काही नव्हते.

महासंघाने सायप्रससाठी काहीच केले नाही, असे नाही. जुलै २०१९ मध्ये तुर्कस्तानला मिळणारे सदस्यत्वपूर्व साहाय्य १४ कोटी ५८ लाख युरोंनी कमी करण्याच्या प्रस्तावाला परिषदेने संमती दिली. नोव्हेंबरमध्ये बेकायदा खननाविरुद्ध निर्बंधांची चौकट उभी राहिली. परंतु त्या चौकटीत फेब्रुवारी २०२० मध्ये नावे पडली ती जेमतेम दोन, आणि तीही तुर्कस्तानच्या सरकारी तेल कंपनीतील दोन अधिकाऱ्यांची. सायप्रसने आणखी नावे सुचवली. ती पुढे सरकली नाहीत. कोणी ‘नाही’ म्हटले नाही. कोणी मतदान मागितले नाही. विषय केवळ पुढच्या बैठकीवर जात राहिला. जर्मनीकडे २०२० च्या दुसऱ्या सहामाहीचे मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद होते आणि अंकारा व अथेन्स यांना बोलणी करायला बसवण्याचा त्याचा प्रयत्न चालू होता. २०१६ च्या करारानुसार लाखो सीरियन निर्वासितांना तुर्कस्तानने आपल्याकडे थांबवून धरले होते, त्यापोटी महासंघाने सहा अब्ज युरो कबूल केले होते, आणि ते दार पुन्हा उघडले जाण्याची धास्ती बर्लिनपासून रोमपर्यंत सर्वांना होती.

सप्टेंबरमधील अडवणूक

या पार्श्वभूमीवर सायप्रसचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री निकोस ख्रिस्तोदुलिदेस (जे पुढे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी भूमिका घेतली की, मूल्यांचे उल्लंघन झाले तर प्रतिक्रिया सगळीकडे सारखीच असली पाहिजे, सोयीप्रमाणे निवडून घेतलेली नव्हे. बेलारूसची यादी मंजूर व्हायची असेल तर तुर्कस्तानची यादीही पुढे सरकली पाहिजे. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे निकोसियाने आधीच्या वर्षभराच्या अनुभवातून ओळखले होते.

दरम्यान मिन्स्कमध्ये दिवस जात होते. ७ सप्टेंबरला विरोधी समन्वय मंडळाच्या मारिया कोलेस्निकोव्हा यांना भर रस्त्यातून गाडीत कोंबून नेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी युक्रेनच्या सीमेवर देशाबाहेर ढकलण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी गाडीतच आपला पासपोर्ट फाडून टाकला, म्हणजे त्यांना सीमा ओलांडायला लावणेच अशक्य झाले, आणि त्या तुरुंगात गेल्या. ९ सप्टेंबरला नोबेल पारितोषिक विजेत्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या घराच्या दारावर अनोळखी माणसे घुटमळू लागली, तेव्हा युरोपातील अनेक देशांचे मुत्सद्दी त्यांच्या घरी येऊन बसले. वेगवेगळ्या वकिलातींतील माणसे एका लेखिकेच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडून बसली आहेत आणि त्यामुळे बाहेरच्यांना आत शिरता येत नाही, हे त्या सप्टेंबरमधील सामाईक युरोपीय परराष्ट्र धोरणाचे कदाचित सर्वांत परिणामकारक रूप होते. आणि त्यासाठी कोणाच्या ठरावाची गरज पडली नव्हती.

१४ सप्टेंबरला लुकाशेन्को सोची येथे व्लादिमीर पुतिन यांना भेटले आणि दीड अब्ज डॉलरच्या कर्जाचे आश्वासन घेऊन परतले. १६ सप्टेंबरला युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी आपल्या वार्षिक भाषणात निदान मानवाधिकार आणि निर्बंधांची अंमलबजावणी या बाबतीत तरी बहुमताने निर्णय घेण्याचे धैर्य दाखवा, असे आवाहन केले. २१ सप्टेंबरला बैठक निष्फळ ठरली. २३ सप्टेंबरला लुकाशेन्को यांनी कोणालाही पूर्वसूचना न देता शपथविधी उरकून घेतला. राष्ट्रप्रमुखांची २४ आणि २५ तारखेला ठरलेली बैठकही पुढे गेली, कारण युरोपीय परिषदेचे अध्यक्ष शार्ल मिशेल यांच्या एका सुरक्षारक्षकाला कोविड झाला होता आणि मिशेल यांना विलगीकरणात जावे लागले. काही गोष्टी नुसत्या योगायोगानेच बिघडतात, त्यांत सिद्धांत शोधू नये.

थांबायला जे तयार नव्हते, त्यांनी आपापला मार्ग धरला. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांनी ३१ ऑगस्टलाच लुकाशेन्को यांच्यासह ३० जणांना प्रवेशबंदी केली होती. २९ सप्टेंबरला ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र येऊन लुकाशेन्को व त्यांच्या मुलावर निर्बंध घातले. ब्रिटन महासंघातून बाहेर पडून आठ महिने झाले होते, आणि त्याने महासंघाच्या आधी पाऊल टाकावे, ही गोष्ट ब्रुसेल्समध्ये कोणालाही सुखावणारी नव्हती.

सायप्रसची ही चाल मॉस्कोच्या इशाऱ्यावरून आहे, अशी कुजबुजही या दिवसांत झाली. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह ८ सप्टेंबरला निकोसियात येऊन गेले होते आणि सायप्रसच्या बँकांत रशियन पैसा किती आहे, हे सर्वांना ठाऊक होते. निकोसियाने हा आरोप साफ नाकारला. माझ्या मते त्या तर्काची गरजच नाही. सायप्रसला तुर्कस्तानचा जो प्रश्न भेडसावत होता, तो हा नकार समजावून सांगायला पुरेसा आहे, आणि लावरोव्ह यांच्यानंतर चार दिवसांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉम्पिओ हेही त्याच शहरात येऊन गेले होते.

मध्यरात्रीनंतरचा तोडगा

१ ऑक्टोबरला राष्ट्रप्रमुख ब्रुसेल्समध्ये जमले आणि बोलणी मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली. सायप्रसला नवी नावे मिळाली नाहीत. त्याला मिळाला तो एक परिच्छेद. तुर्कस्तानने चिथावणीखोर एकतर्फी कृती थांबवल्या तर व्यापार आणि सीमाशुल्क संघाच्या बाबतीत सकारात्मक कार्यक्रम हाती घेऊ. तसे न झाल्यास हाताशी असलेले सर्व उपाय वापरू. आणि फार तर डिसेंबरपर्यंत या विषयावर पुन्हा निर्णय घेऊ, असा त्याचा आशय होता. त्यात निर्बंधांशी संबंधित कलमांचा नावानिशी उल्लेख होता, आणि सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष निकोस अनास्तासियादेस यांना मायदेशी दाखवायला तेवढे पुरले.

२ ऑक्टोबरला लेखी पद्धतीने बेलारूसच्या ४० अधिकाऱ्यांवर निर्बंध लागू झाले. गृहमंत्री त्यात होते, लुकाशेन्को नव्हते. हा तपशील बहुतेक टीकाकार गाळतात, पण तो गाळण्यासारखा नाही. संवादाची वाट खुली राहावी म्हणून सर्वोच्च व्यक्तीला तूर्त वगळावे, असे वाटणाऱ्या राजधान्या होत्या आणि त्या निकोसियापेक्षा पुष्कळ मोठ्या होत्या. म्हणजे सायप्रसने अडवले नसते तर यादी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आली असती, पण तीही लुकाशेन्को यांच्याशिवायच आली असती.

दोष कोणाचा

या प्रकरणाची प्रचलित कथा सोपी आहे : एका छोट्या देशाने २६ देशांना वेठीस धरले. घटनाक्रम खोटा नाही, परंतु ही कथा अर्धीच आहे. नकाराधिकार दोन प्रकारांनी वापरला जातो. छोट्या देशाला तो उघडपणे वापरावा लागतो, बैठकीत हात वर करून आणि नंतर सर्वांच्या टीकेला तोंड देऊन. मोठ्या देशाला तो वापरावाच लागत नाही. ‘वेळ योग्य नाही’, ‘बोलण्यांना संधी देऊ’, एवढे म्हटले की विषयपत्रिकेतच बदल होतो आणि नकाराची कोठेही नोंद राहत नाही. तुर्कस्तानच्या यादीचे घोंगडे फेब्रुवारीपासून भिजत पडले होते. त्यासाठी कोणीही जर्मनीला जाब विचारला नाही. बेलारूसची यादी काही आठवडे अडली, तर सायप्रसचे नाव जगभरच्या मथळ्यांत आले.

याचा अर्थ सायप्रसने केले ते योग्य होते, असा नाही. मिन्स्कच्या तुरुंगातील माणसांचा भूमध्य समुद्रातील वायूशी काडीचा संबंध नव्हता, आणि त्यांच्या हालअपेष्टांना सौद्यातील वजन म्हणून वापरणे अशोभनीयच होते. मात्र सायप्रसला तसे करण्याचा मोह का झाला, हे पाहिले तर यंत्रणेचा दोष दिसतो : ज्या विषयावर सगळे सहमत असतात आणि सगळ्यांना घाई असते, तोच विषय अडवण्यात सर्वाधिक लाभ असतो. ज्याच्याविषयी कोणाला फारसे सोयरसुतक नाही, असा ठराव अडवून कोणाच्याही पदरात काही पडत नाही. म्हणून बेलारूसवरचे एकमत जितके घट्ट झाले, तितका सायप्रसच्या होकाराचा भाव चढत गेला.

महासंघाच्या मूळ करारात यावर उतारा नाही, असेही नाही. कलम ३१ प्रमाणे एखादा देश ‘विधायक तटस्थता’ घेऊ शकतो, म्हणजे निर्णय होऊ देतो आणि स्वतःपुरता तो लागू करण्यातून मोकळीक मागतो. गंमत अशी की, २००८ मध्ये कोसोव्होतील महासंघाच्या पोलीस आणि न्यायविषयक मोहिमेच्या वेळी ही तरतूद वापरणारा देश सायप्रसच होता. तेव्हा त्याचा आक्षेप मूळ विषयाला होता. कोसोव्होचे स्वातंत्र्य त्याला मान्य नव्हते आणि आजही नाही. प्रामाणिक मतभेदासाठी ही तरतूद उत्तम आहे. २०२० मध्ये मात्र सायप्रसचा आक्षेप विषयाला नव्हताच, आणि तटस्थ राहून त्याच्या हाती काही लागणार नव्हते.

दक्षिण आशियातील वाचकाला येथे सार्क आठवल्यावाचून राहणार नाही. सार्कच्या सनदेतील दहाव्या कलमात सर्व निर्णय एकमताने घ्यावेत, असे म्हटले आहे आणि त्याच कलमात द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले आहेत. सायप्रसने जे केले, त्याला सार्कच्या नियमांत जागाच नाही. परिणाम असा की, भांडण सभागृहाबाहेर ठेवले गेले आणि सभागृह रिकामे राहिले. २०१६ मध्ये उरी येथील हल्ल्यानंतर इस्लामाबादची शिखर परिषद रद्द झाली, त्यानंतर ती झालेलीच नाही. सदस्यांची भांडणे आत येऊ देणारा समूह अधूनमधून अडकतो, पण निदान त्याला अडकण्यासारखे काही काम तरी असते.

मे २०२१ ची तुलना

हे प्रकरण सप्टेंबर २०२० वर थांबवले, तर सामाईक परराष्ट्र धोरण ही निव्वळ वल्गना आहे, असा निष्कर्ष निघेल. तो घाईचा ठरेल. ६ नोव्हेंबर २०२० रोजी लुकाशेन्को, त्यांचा मुलगा व्हिक्टर आणि आणखी १३ जण यादीत आले. त्या वेळी पूर्व भूमध्य समुद्रातील परिस्थिती उलट बिघडलेली होती : सप्टेंबरमध्ये परत गेलेले ओरुच रेइस १२ ऑक्टोबरला पुन्हा समुद्रात उतरले होते, आणि ८ ऑक्टोबरला सायप्रसच्या बंदिस्त वरोशा भागातील समुद्रकिनारा उत्तरेकडील प्रशासनाने उघडला होता. चिथावणी वाढली असतानाही सायप्रसने या वेळी काही अडवले नाही. डिसेंबरची तारीख हाती होती आणि सप्टेंबरमध्ये बदनामीची जी किंमत मोजावी लागली, ती दुसऱ्यांदा मोजण्याची तयारी नसावी, असे मला वाटते.

त्यानंतर २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून व्हिल्नियसला निघालेले रायनएअरचे विमान बेलारूसच्या हवाई हद्दीत असताना बॉम्बची धमकी असल्याचे सांगून, लढाऊ विमानाच्या देखत मिन्स्कला उतरवण्यात आले आणि त्यातील विरोधी पत्रकार रामान प्रतासेविच यांना व त्यांच्या मैत्रिणीला अटक झाली. महासंघाच्या एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीला जाणारे, महासंघातील कंपनीचे विमान होते ते. राष्ट्रप्रमुखांची बैठक योगायोगाने दुसऱ्याच दिवशी ठरलेली होती आणि २४ मेच्या रात्री काही तासांतच बेलारूसच्या विमानांना बंदी, आणखी नावे आणि प्रथमच आर्थिक क्षेत्रनिहाय निर्बंध, असे तिन्ही निर्णय झाले. ४ जूनला हवाई बंदी लागू झाली, २१ जूनला ७८ व्यक्ती आणि ८ संस्था यादीत आल्या, २४ जूनला पोटॅश, तेलउत्पादने आणि तंबाखू उद्योगातील मालापर्यंत निर्बंध पोहोचले. सर्वसंमतीचा नियम तोच, सदस्य तेच, सायप्रसही तोच. फरक एवढाच की, या वेळी घाव सर्वांच्या अंगावर पडला होता; कोणताही नागरिक त्या विमानात असू शकला असता. तुर्कस्तानशी तणाव तोवर निवळला होता, हेही खरे, आणि त्यामुळे ही तुलना प्रयोगशाळेतल्यासारखी निर्दोष नाही. पण नोव्हेंबरचा दाखला सोबत ठेवला, तर केवळ निवळलेल्या तणावाने सगळे स्पष्ट होत नाही.

बहुमताचा पर्याय

फॉन डेर लायन यांनी सुचवलेला पर्याय म्हणजे विशेष बहुमत : किमान ५५ टक्के सदस्य देश आणि त्यांत महासंघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. नावांची भर घालणे ही आधीच्या निर्णयाची केवळ अंमलबजावणी आहे, तेव्हा आहे त्याच कराराच्या आधारे ती बहुमताने करता येईल, असा युक्तिवादही त्या काळात होत होता. व्यवहारात परिपाठ सर्वसंमतीचाच राहिला. शिवाय राष्ट्रीय धोरणाची अत्यावश्यक कारणे सांगून एखादा देश असे मतदान रोखू शकतो, ही पळवाटही करारातच आहे.

समजा, सप्टेंबर २०२० मध्ये बहुमताचा नियम असता. बेलारूसची यादी २६ विरुद्ध १ अशी सहज मंजूर झाली असती. आता तोच नियम तुर्कस्तानच्या यादीला लावून पाहू. ठराव रोखण्यासाठी ३५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येचे किमान चार देश लागतात. जर्मनीत महासंघाची साडेअठरा टक्के, इटलीत साडेतेरा टक्के आणि स्पेनमध्ये साडेदहा टक्के लोकसंख्या आहे. तुर्कस्तानवर कठोर कारवाई नको असलेल्यांत हे तिन्ही देश होते, आणि सोबतीला चौथा मिळणे मुळीच कठीण नव्हते. फ्रान्सने ग्रीस आणि सायप्रस यांची बाजू कितीही जोराने घेतली असती, तरी ठराव पडलाच असता. म्हणजे बहुमताच्या नियमाखाली सायप्रस दोन्हीकडे हरला असता. बेलारूससाठी हा नियम निःसंशय चांगला ठरला असता. परंतु ज्या देशाने सुरक्षेच्या आशेने समूहात प्रवेश केला, त्याच्या हातातील एकमेव हत्यार या नियमाने काढून घेतले असते आणि बदल्यात काहीच दिले नसते. नियम बदलल्याने निर्णय लवकर होतील, पण कोणाचा प्रश्न सर्वांचा मानायचा, हा वाद तेवढ्याने मिटत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय परिषदेने तुर्कस्तानच्या खननासंबंधीच्या यादीत नवी नावे घालण्यास सांगितले खरे. मार्च २०२१ पर्यंत जहाजे परतली होती, अंकाराचा सूर मवाळ झाला होता, आणि परिषदेचे निवेदन पुन्हा सकारात्मक कार्यक्रमाकडे वळले. ऑक्टोबरच्या मध्यरात्री मिळालेल्या परिच्छेदाचे एवढेच झाले. दुसरीकडे त्या सप्टेंबरने घालून दिलेली वाट इतरांनी नीट ओळखली. २०२२ मध्ये रशियन तेलावरील निर्बंधांचा प्रस्ताव ४ मे रोजी मांडला गेला आणि ३ जूनला मंजूर झाला. मधल्या महिन्यात हंगेरीने नळवाहिनीतून येणाऱ्या तेलाला सूट मिळवली, आणि जाता जाता रशियन चर्चचे प्रमुख किरिल यांचे नावही यादीतून काढायला लावले.

४ मे २०२३ रोजी जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन यांच्यासह नऊ देशांनी परराष्ट्र धोरणात बहुमताचा वापर वाढवण्यासाठी एक गट स्थापन केला. सायप्रस त्यात नव्हता. सर्वसंमतीची अट शिथिल करण्याचा मार्ग कराराच्या कलम ३१ मध्येच दिलेला आहे आणि त्यासाठी युरोपीय परिषदेची सर्वसंमती लागते. तेव्हा या गटातील देशांना कधीतरी निकोसियाचा होकार मागावाच लागेल, आणि तुर्कस्तानची जहाजे पुन्हा आली तर तुम्ही काय करणार, हा प्रश्न निकोसिया त्यांना विचारेल.